इंजेक्टर बदलण्याआधी तार बघा



मागच्या मासिक बैठकीत आपल्या प्रभागातल्या एका गटाच्या टेम्पोवरून बराच वेळ वाद झाला. दुरुस्तीचं बिल कुणी भरायचं, गटाने की चालक ताईने? काही जणी तर म्हणाल्या, "तिला गाडी नीट चालवता येत नाही, म्हणून इंजिन बिघडलं." शेवटी जे निघालं ते ऐकल्यावर सगळ्या गप्प झाल्या. त्याच बैठकीत ठरलं की हे सविस्तर लिहून अंकात द्यायचं, कारण आता अनेक गटांकडे गाड्या आल्या आहेत. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली तेव्हापासून "गटाची गाडी" हा शब्द आपल्याला नवा राहिलेला नाही. गाडी घेताना कोटेशन, विमा, परवाना हे सगळं आपण शिकलो. गाडी बंद पडल्यावर मेकॅनिकशी काय बोलायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

आधी झालं काय ते सांगते. हा टेम्पो पेट्रोलवर चालणारा, चार सिलिंडरचा. ओतूर भागातली कोथिंबीर आणि मेथीच्या जुड्या घेऊन माळशेज घाट उतरायचा, मुरबाड, कल्याण, शिळफाटा, महापे करत वाशीच्या मार्केटला पोचायचं, हा त्याचा नेहमीचा रस्ता. भाजी आणि फळांचा बाजार मुंबईतून हलवून १९९६ साली वाशीला आणला, तेव्हापासून आपल्या भागाचा माल तिकडेच जातो. तुम्हाला माहीतच आहे, पालेभाजीचा भाव घड्याळावर चालतो. पहाटे जी जुडी हातोहात जाते, तिच्याकडे उन्हं वर आल्यावर कुणी बघत नाही.

पावसाळ्यातली गोष्ट. शिळफाट्याच्या अलीकडे गाडी थरथरायला लागली. पिकअप गेला आणि समोरच्या काट्यांजवळ पिवळा दिवा लागला, तोच तो इंजिनाच्या चित्राचा. ताईने गाडी हळूहळू रेटत मार्केटला नेली, पण तोवर उजाडलं होतं. त्या दिवशी कोथिंबीर निम्म्या भावाने गेली. गावाकडे परत आल्यावर तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी ०२०३. "तिसरा इंजेक्टर गेला," म्हणाले आणि नवा बसवला. बिल ४,२०० रुपये. दिवा विझला. दोन खेपा बऱ्या गेल्या, तिसऱ्या खेपेला पाऊस लागला आणि पुन्हा तेच. आता गॅरेजवाले म्हणाले, "मग ईसीयू गेला असणार, ३५ हजार लागतील." बँकेचा हप्ता डोक्यावर, गटाच्या खात्यात तेवढे पैसे नाहीत आणि घरोघरी चर्चा चालक ताईची.

इंजेक्टर म्हणजे काय?

इंजेक्टर हा इंजिनात पेट्रोल सोडणारा एक छोटा नळ आहे. आपला नळ हाताने फिरतो, हा विजेवर उघडतो. त्याच्या आत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज गेली की ते लोहचुंबक होतं आणि आतली बारीक सुई वर ओढतं. पेट्रोलचा फवारा उडतो. वीज थांबली की स्प्रिंग सुई खाली दाबते आणि नळ बंद. हे सगळं एका सेकंदाच्या हजार भागांपैकी दोन-चार भागांत उरकतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आपल्या डोळ्याची पापणीसुद्धा इतकी चपळ नाही.

कधी उघडायचं आणि किती वेळ, हे ठरवणारा डबा म्हणजे ईसीयू, गाडीचा छोटा संगणक.

आता सर्किट समजून घ्या. सगळी गोम इथेच आहे. प्रत्येक इंजेक्टरला दोन तारा येतात. एक तार बॅटरीकडून फ्यूज आणि रिले पार करून येते. ती मूळची एकच, पुढे तिला चार फाटे फुटतात, जशी ठिबकच्या मेन पाइपमधून नळ्या निघतात. दुसरी तार प्रत्येकाची स्वतंत्र आणि ती ईसीयूकडे जाते. घरातला दिवा लावताना आपण बटणाने वीज पुढे सोडतो. इथे उलटं आहे. वीज दारात उभीच असते, ईसीयू परतीची वाट उघडतो आणि मिटतो.

हे कळलं की निम्मं निदान घरबसल्या होतं. विचार करा. चारही इंजेक्टर एकदम बंद, गाडी चालूच होत नाही, तर दोष कुठे असेल? चारही एकाच दिवशी जळणार नाहीत. म्हणजे दोष सगळ्यांच्या सामाईक भागात, फ्यूज, रिले किंवा मुख्य तार. पण एकच इंजेक्टर बंद आणि बाकी तीन ठणठणीत, तर मग मुख्य लाइन चांगली आहे. दोष त्या एका फाट्यावर आहे. त्या फाट्यावर चार जागा येतात: खुद्द इंजेक्टर, त्याचं प्लॅस्टिकचं सॉकेट, त्याच्या दोन तारा आणि ईसीयूच्या आतला त्याचा भाग. गॅरेजवाल्यांनी पहिली आणि शेवटची जागा धरली. मधल्या दोन जागा, ज्यांना खर्च सर्वांत कमी येतो, त्या कुणी बघितल्याच नाहीत.

विहिरीवरची मोटार चालत नसेल तर आपण काय करतो? लगेच उचलून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी टेस्टर लावतो, फेज आहे का, फ्यूज आहे का, केबल कुठे कातरली आहे का. गाडीच्या बाबतीत मात्र आपण बोनेटकडे बघून घाबरतो आणि मेकॅनिक म्हणेल ते मान्य करतो.

कोड काय सांगतो, काय सांगत नाही

१ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस सहा गाड्यांत ईसीयू स्वतःची तपासणी करत असतो. काही चुकलं तर पिवळा दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला १६ खिळ्यांचं एक सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की कोड वाचता येतो. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारे छोटे स्कॅनरही मिळतात. ज्या गटाकडे गाडी आहे त्याने एक घेऊन ठेवायला हरकत नाही, असं माझं मत आहे. दोन-चार गटांत मिळून एक घेतला तरी पुरतो.

कोड वाचायचा कसा? पी ०२०३ घ्या. पी म्हणजे इंजिन आणि गिअरचा भाग. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांत सारखाच. २ म्हणजे इंधन-हवेची बाजू, इथे इंजेक्टरचं सर्किट. शेवटचा ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. पहिल्याचा असता तर पी ०२०१, चौथ्याचा पी ०२०४.

नीट वाचा बरं, "सर्किट". ईसीयू म्हणतो, "तिसऱ्या फाट्यावरची वीज मला जशी हवी तशी दिसत नाही." इंजेक्टर खराब आहे असं तो म्हणत नाही, त्याला ते कळतच नाही. बँकेतून "खात्यात रक्कम जमा नाही" असा निरोप आला म्हणजे अमुक बाईने हप्ता खाल्ला असं आपण म्हणतो का? पासबुक बघतो, स्लिप बघतो, मग बोलतो. तसंच हे.

याच्या जोडीला कधी पी ०३०३ हा कोडही येतो. त्याचा अर्थ तिसऱ्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही, म्हणजे मिसफायर. एकटाच पी ०३०३ असेल तर दोष प्लगचा, कॉइलचा किंवा कॉम्प्रेशनचाही असू शकतो. पण पी ०२०३ सोबत आला असेल तर आधी विजेची बाजू बघावी, कारण फवाराच नाही तर जाळ कुठून होणार?

एक काळजी घ्या. कोड कागदावर लिहून घेतल्याशिवाय पुसू देऊ नका, बॅटरीची वायरही काढू देऊ नका. दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही. ईसीयूची वही पुसली गेली, एवढंच झालं.

तुर्भ्यात काय झालं

पुढच्या खेपेला ताईने माल उतरवला आणि मार्केटमधल्या एका माथाडी दादांना विचारून तुर्भ्याच्या बाजूला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. जुना इंजेक्टर तिने पिशवीत जपून ठेवला होता. हे तिचं शहाणपण. बदललेला भाग आपला असतो, मागून घ्यायचा.

त्या दादांनी आधी गाडी चालू ठेवून एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजेक्टरला आणि मूठ कानाला. पहिला टकटक करतो, दुसरा टकटक करतो, चौथाही. तिसरा मुका. म्हणजे सुई हलतच नाही. (हे तुम्ही करायला गेलात तर पदर, ओढणी आणि वेणी आधी खोचा, फिरत्या पट्ट्यापासून लांब राहा.)

मग गाडी बंद करून सॉकेट काढलं आणि मीटरने इंजेक्टरच्या दोन पिनांमधला रोध मोजला. पेट्रोलच्या अशा इंजेक्टरचा रोध बहुतेक गाड्यांत ११ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नव्या इंजेक्टरचा आला १२.६. मग पिशवीतला जुना मोजला, तो १२.८. दोन्ही चांगले! आतलं वेटोळं तुटलं असतं तर मीटरने काहीच दाखवलं नसतं आणि आत शॉर्ट झाला असता तर शून्याजवळचा आकडा आला असता. म्हणजे ४,२०० रुपये उगाच गेले, हे तिथेच समजलं.

पुढची पायरी विजेची. किल्ली चालू करून सॉकेटच्या बॅटरीकडच्या पिनवर मीटर लावला. आकडा आला १२.३ व्होल्ट. म्हणजे वीज येते आहे. इथे घाईचा माणूस म्हणाला असता, "तार चांगली, ईसीयूच गेला." या दादांनी मात्र एक साधा बल्ब काढला, दोन वायरी लावलेला, इंडिकेटरचा असतो तसा. एक टोक सॉकेटच्या त्याच पिनला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. बल्ब मिणमिणला. शेजारच्या दुसऱ्या इंजेक्टरच्या सॉकेटला तोच बल्ब लावला तर लख्ख पेटला.

असं का व्हावं? मीटर जवळजवळ वीज पीतच नाही. तारेतला एक केसाएवढा धागा शिल्लक असला तरी मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बल्बला आणि इंजेक्टरला मात्र खरी वीज लागते, साधारण एक अँपिअरच्या आसपास, ती त्या एका धाग्यातून येऊ शकत नाही. ठिबकची नळी कुठे दुमडली असेल तर तोटी बंद असताना आत दाब पूर्ण दिसतो, तोटी उघडली की मात्र थेंब थेंब. तोच प्रकार. म्हणून नुसत्या मीटरवर भरवसा नको, बल्ब लावून बघा असं सांगायचं. माझ्या मते या सगळ्या लेखात लक्षात ठेवण्याजोगी एकच गोष्ट असेल तर ती ही.

मग तार हाताने चाचपत मागे गेले. सीटखाली, इंजिनाच्या मागच्या बाजूला, तारांचा जुडगा जिथे वळतो तिथे उंदराने कुरतडलेलं. वरचं कव्हर गेलेलं, आतलं तांबं हिरवं पडलेलं, एक-दोन धागे उरलेले. भाजीची गाडी, खाली सांडलेला पाला, रात्रभर मार्केटमध्ये उभी. उंदीर येणारच. त्यात खाडीकाठची खारी हवा आणि पावसाचं पाणी. कोरड्या दिवशी तो धागा कसाबसा वीज पोचवायचा, पाऊस लागला की राम म्हणायचा. नवा इंजेक्टर बसवताना तारा हलल्या, धागे तात्पुरते टेकले, म्हणून दोन खेपा बऱ्या गेल्या. गॅरेजवाल्यांना वाटलं इंजेक्टरनेच काम झालं. फसवलं असं मी म्हणणार नाही, पण तपासलं नाही हे खरं.

खराब तुकडा कापून नवी तार डाग देऊन जोडली, त्यावर आकसणारी नळी चढवली आणि वरून खाचांचा काळा पाइप. नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली जोडणी पहिल्या पावसात पुन्हा हिरवी पडते, तेव्हा टेपवर समाधान मानू नका. मजुरी आणि सामान मिळून ३५० रुपये. ईसीयूला कुणी हातही लावला नाही.

सॉकेट लांबीला पुरत असतील तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्टरच्या सॉकेटची अदलाबदल करायची, कोड पुसायचा, गाडी थोडा वेळ चालू करायची. कोड पी ०२०३ चाच राहिला तर दोष तारेकडे किंवा ईसीयूकडे. बदलून पी ०२०२ झाला तर इंजेक्टर खराब. गाडी या वेळी खडखडेल, घाबरू नका, परीक्षा झाली की सॉकेट पुन्हा जागच्या जागी लावून घ्या. यात पेट्रोलची नळी उघडावी लागत नाही, पैसाही लागत नाही. मेकॅनिकला नुसतं विचारा, "दादा, सॉकेट बदलून बघितलं का?" त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.

ईसीयूचं नाव सगळ्यात शेवटी. फ्यूज, सॉकेट, दोन्ही तारा, इंजेक्टर हे सगळं चांगलं निघालं आणि तरीही त्या एका फाट्यावर ईसीयूकडून इशारा येत नसेल, तरच. इशारा येतो की नाही हे बघायला सॉकेटमध्ये खोचायचा छोटा दिवा मिळतो, गाडीला स्टार्टर मारला की तो लुकलुकला पाहिजे.

डिझेल आणि सीएनजीवाल्या मैत्रिणींसाठी

डिझेल पिकअप असेल तर वरच्या आकड्यांवर जाऊ नका. नाशिकला सातपूरच्या ज्या कारखान्याला लोक अजून मायको म्हणतात, आताचं बॉश, तिथे डिझेलचे इंजेक्टर बनतात. त्या भागातल्या ताईंना हे नाव नवं नाही. हल्लीच्या डिझेल गाड्यांत इंजेक्टरपर्यंत डिझेल हजार बारच्याही वर दाबाने येतं. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. चालू इंजिनावर नळीचा नट सैल करून "बघूया" असं कुणी म्हणालं तर तिथून बाजूला व्हा आणि त्यालाही थांबवा. या इंजेक्टरचा रोध बऱ्याचदा एक ओहमपेक्षाही कमी असतो, साध्या मीटरवर त्याचा भरवसा नाही, आणि तिथे बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्ट जातात. म्हणून स्क्रू ड्रायव्हर कानाला लावण्यापलीकडे काही करू नका. पण सॉकेटमध्ये पाणी गेलंय का, तार कुरतडलीय का, हे गाडी बंद असताना डोळ्यांनी बघता येतंच.

सीएनजी गाडीत गॅसचे इंजेक्टर वेगळे आणि पेट्रोलचे वेगळे. इथे तुमच्या हातात एक फुकटची परीक्षा आहे. गाडी गॅसवर थरथरते पण पेट्रोलवर बरी चालते, तर दोष गॅसच्या बाजूला. दोन्हीवर थरथरते, तर प्लग-कॉइलकडे बघायला सांगा. मेकॅनिककडे जाण्याआधी हे करून बघा आणि त्याला सांगा, त्याचा अर्धा दिवस वाचतो. गॅसच्या टाकीत २०० बार दाब असतो, त्या नळीला अधिकृत माणसाशिवाय कुणाचा हात लागू देऊ नका. टाकीची दर तीन वर्षांची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

रस्त्यात दिवा लागला तर? पिवळा दिवा नुसता लागून राहिला असेल तर वेग कमी ठेवून जवळच्या ठिकाणी पोचता येतं. दिवा लुकलुकत असेल, किंवा पेट्रोलचा वास येत असेल, तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा, माल कितीही नाशवंत असो. इंजेक्टरची परतीची तार कातरून लोखंडाला टेकली तर नळ उघडाच राहतो, पेट्रोल वाहत राहतं, ते इंजिन ऑइलमध्येही उतरतं. आगीचा धोका वेगळाच. कोथिंबीर पुढच्या खेपेला पुन्हा भरता येते.

आपल्या गटाने या प्रसंगानंतर तीन गोष्टी चालू केल्या आहेत. माल उतरला की टेम्पो तिथेच झाडून पाला काढायचा, सीटखाली सुद्धा. इंजिनावर प्रेशरचं पाणी मारून धुवायचं नाही. आणि गाडीत एक वही ठेवायची: कोणत्या तारखेला, कुठे, पाऊस होता का, चढ होता का, कोणता कोड आला, काय बदललं, किती दिले. तुर्भ्याच्या दादांना ताईने तोंडी सांगितलं होतं, "पाऊस लागला की होतं." ते म्हणाले, तेवढ्यावरूनच त्यांना तारेचा संशय आला होता.

बिलाचं बैठकीत असं ठरलं: ४,२०० आणि ३५० दोन्ही गटाच्या दुरुस्ती खात्यातून, चालक ताईच्या मानधनातून एक रुपया कापायचा नाही. ज्या दोघी तिला बोलल्या होत्या त्यांनी स्वतःहून ठरावाला अनुमोदन दिलं.

तो जुना, १२.८ ओहमचा इंजेक्टर सध्या संघाच्या कार्यालयात कपाटात ठेवला आहे, शेजारी २५० रुपयांचा मीटर. पुढच्या बैठकीला अर्धा तास आधी या, प्रत्येकीने स्वतः मोजून बघायचं आहे. येताना आपापल्या गाडीचं पुस्तक घेऊन या.